यूएसएमएलईची एखादी स्टेप फेल झाली तर रेसिडेन्सीचं काय होतं आणि पुढे काय करायचं : नागपूरच्या मेडिकोजसाठी

यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणारी लायसन्सची परीक्षा, तिच्या तीन स्टेप : वन, टू सीके आणि थ्री. तिचे दर बुधवारी रिझल्ट लागतात आणि दर बुधवारी रात्री कोणाचा ना कोणाचा मेसेज येतो की दादा फेल झालो, आता मॅच होईल का, म्हणजे तिकडे रेसिडेन्सीची (आपल्या पीजीसारख्या ट्रेनिंगची) जागा मिळेल का. मेडिकल, मेयो, लता मंगेशकर, सावंगी, सगळ्या कॉलेजांतले पोट्टे हेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. उत्तर असं की मॅच होऊ शकतो, फेल असलेले लोक दरवर्षी मॅच होतात, पण आधीच्यापेक्षा बरंच अवघड होतं आणि काही दरवाजे कायमचे बंद होतात. कोणते बंद होतात, कोणते उघडे राहतात आणि उघड्यातून आत जायला काय लागतं एवढंच खाली सांगतो.

आपल्या लोकांची खरी अडचण नीट पीजीच्या सवयीमुळे होते. नीट पीजीला मागच्या वर्षीची रँक कितीही भंगार असली तरी यंदाच्या काउन्सेलिंगला कोणी विचारत नाही, पाटी कोरी. त्यामुळे "देऊन तर पाहू, नाही झालं तर पुन्हा देऊ" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यूएसएमएलईला पाटी कधीच कोरी होत नाही. प्रत्येक अटेम्प्ट ट्रान्सक्रिप्टवर चढतो, तारखेसकट, आणि तुम्ही पुढे पन्नाशीत अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं लायसन्स मागायला गेलात तरी तो तिथेच असतो. म्हणून यात "कशी पास होऊ" याच्याआधी "कधी देऊ" हा प्रश्न येतो. ज्याची एक फेल ऑलरेडी आहे त्याच्यासाठी तर डबल.

नेमकं काय रेकॉर्डवर जातं ते समजून घ्या, कारण याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर भयानक अफवा आहेत. ईरासमधून, म्हणजे रेसिडेन्सीचे अर्ज जातात त्या ऑनलाइन सिस्टिममधून, प्रोग्रामला (रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलला) जो यूएसएमएलई ट्रान्सक्रिप्ट जातो तो पूर्ण जातो. पास झालेली स्टेप दाखवायची आणि फेल झालेली लपवायची असं काही करता येत नाही. कोणी एजंट "मॅनेज करतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. परीक्षा सुरू करून मधेच उठून आलात, म्हणजे तीन ब्लॉक दिले, डोकं दुखायला लागलं आणि निघालात, तर रिझल्ट येत नाही पण इन्कम्प्लीट म्हणून नोंद होते, आणि तो अटेम्प्टही मर्यादेत मोजला जातो. याउलट परीक्षेला गेलाच नाहीत तर अटेम्प्ट लागत नाही, फक्त फी बुडते. फी म्हणजे परीक्षेची फी आणि अमेरिकेबाहेरच्या सेंटरचा जादा आकार धरून एका स्टेपचे हजार डॉलरच्या वर जातात, दुखतंच, पण फेलच्या मानाने हे स्वस्तातलं दुखणं आहे. आणि हो, रीचेकिंगचा फॉर्म भरता येतो, पैसे लागतात, निकाल मात्र जवळपास कधीच बदलत नाही. आपल्या विद्यापीठाच्या रीव्हॅल्युएशनसारखं दोन-चार मार्क वाढून पास होईन या आशेवर तिथे पैसे घालू नका.

आता नियम. प्रत्येक स्टेपला जास्तीत जास्त ४ अटेम्प्ट. आधी ६ होते, २०२१ पासून ४ केले. चारही संपले आणि पास नाही तर यूएसएमएलईचा विषयच संपला, दुसरी स्टेपसुद्धा देता येत नाही. १२ महिन्यांत एकच स्टेप ३ पेक्षा जास्त वेळा देता येत नाही, आणि चौथा अटेम्प्ट हा पहिल्यापासून किमान १२ महिन्यांनी आणि शेवटच्यापासून किमान ६ महिन्यांनी. ईसीएफएमजी सर्टिफिकेटसाठीच्या (बाहेरून डॉक्टर झालेल्यांना रेसिडेन्सीसाठी हे लागतंच) परीक्षा ७ वर्षांच्या आत पास व्हाव्या लागतात, म्हणजे फायनल इयरमध्ये स्टेप वन पास करून ठेवली आणि मग निवांत बसलात तर घड्याळ चालूच असतं. पास झालेली स्टेप स्कोअर सुधारायला म्हणून पुन्हा देता येत नाही, हे तर लिहून भिंतीवर लावा, पुढे याचाच मोठा मुद्दा येणार आहे. याशिवाय राज्यांचे लायसन्सचे नियम वेगळे. टेक्साससारख्या राज्यात काही अपवाद सोडले तर प्रत्येक स्टेप ३ अटेम्प्टच्या आत पास लागते, तेव्हा दोन फेल असलेल्याने ह्यूस्टनच्या मावशीकडे राहून प्रॅक्टिस करायची स्वप्नं बघताना आधी तिथल्या मेडिकल बोर्डाची वेबसाइट उघडावी.

कोणत्या स्टेपची फेल किती लागते

स्टेप वन २६ जानेवारी २०२२ पासून पास-फेल झाली. लोकांना वाटलं चला सोपं झालं, पण झालं उलटंच. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या कॉलेजांतून पहिल्यांदा देणाऱ्यांचं पास प्रमाण २०२१ मध्ये ८२ टक्के होतं ते २०२२ मध्ये ७४ टक्क्यांवर आलं, कारण एकतर पासिंगची रेषा १९४ वरून १९६ केली आणि दुसरं म्हणजे "नुसतं पासच तर व्हायचंय" म्हणून लोकांनी अभ्यासच कमी केला. दुसऱ्यांदा देणाऱ्यांचं प्रमाण तर निम्म्याच्या आसपास फिरतं. म्हणजे फेल झाल्यावर पुढच्या वेळी आपोआप पास होतो असं बिलकुल नाही, तीच पुस्तकं तशीच वाचली तर तोच निकाल येतो.

पास-फेलमुळे एक विचित्र गोष्ट झालीय. पूर्वी स्टेप वनमध्ये २०० वाला आणि २५० वाला वेगळे दिसायचे, आता सगळे पासवाले एकाच रांगेत आणि फेलवाला तेवढा बाजूला उठून दिसतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की स्टेप वनच्या फेलला उत्तर द्यायची जागा शिल्लक आहे, ती म्हणजे स्टेप टू सीके, कारण तिथे आकडा आहे. स्टेप वनला फेल, मग पास, आणि सीकेला २५० च्या आसपास, असा अर्ज बघून प्रोग्रामवाला म्हणू शकतो की ठीक आहे, पोरगा सावरला. सीकेलाच फेल झालात तर हे उत्तर द्यायला पुढे फक्त स्टेप थ्री राहते, म्हणून माझ्या मते सीकेची फेल जास्त जड जाते. दोन्हीत फेल असेल तर खरं सांगायचं तर फारच अवघड, अशक्य म्हणत नाही, पण तिथे ओळख, तिथलं काम आणि दोन-तीन वर्षांचा धीर लागतो.

प्रोग्रामच्या बाजूने काय चालतं ते बघा. एका इंटरनल मेडिसिन प्रोग्रामकडे हजारो अर्ज येतात आणि वाचणारे असतात मूठभर लोक. मग ते फिल्टर लावतात, परीक्षेत फेल आहे का, पासआउट होऊन किती वर्षं झाली, व्हिसा लागतो का. मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था प्रोग्राम डायरेक्टरांचा जो सर्व्हे करते त्यात यूएसएमएलईमधली फेल हा इंटरव्ह्यूला बोलवायचं की नाही हे ठरवणारा घटक म्हणून कायम असतो. फिल्टरमध्ये गळलात तर तुमचं सुंदर पर्सनल स्टेटमेंट कोणी उघडतही नाही, त्यामुळे "मी माझी गोष्ट नीट समजावून सांगेन" हा प्लॅन फिल्टर ओलांडल्यानंतरचा आहे, आधीचा नाही. आणि हे फिल्टर एकावर एक चढतात. नागपूरचा मुलगा म्हणजे आधीच फॉरेन ग्रॅज्युएट, त्यात व्हिसा लागणार, त्यात फेल. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एमडी सीनिअर्सचा मॅच रेट ९३.५ टक्के होता आणि अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या आयएमजींचा (म्हणजे फॉरेन ग्रॅज्युएट्सचा) ५८.५ टक्के. हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे, फेल नसलेले धरून. फेलवाल्याने स्वतःला या ५८ च्या खालीच समजून तयारी करायची.

फेल झाल्यावर पहिले दोन आठवडे

पहिलं काम म्हणजे पुढची तारीख न काढणं. बहुतेक जण त्याच रात्री नवीन अर्ज भरतात, घरच्यांना सांगायच्या आधी, कारण दोन महिन्यांत पुन्हा देतो म्हटलं की जरा बरं वाटतं. बरं वाटण्यासाठी तारीख काढायची नसते.

दुसरं, स्कोअर रिपोर्ट बघून बंद करू नका, वाचा. फेल झालेल्याला जो रिपोर्ट येतो त्यात पासिंग लाइनच्या किती खाली होतात त्याचं चित्र असतं आणि खाली विषयवार आणि सिस्टिमवार कुठे कमी पडलात ते. मागे एका ज्युनिअरने मला मेडिकल चौकात चहा पिता पिता फोनवर त्याचा रिपोर्ट दाखवला, म्हणे दादा बायोकेम आणि बायोस्टॅटने मारलं. बघतो तर सगळेच विषय खाली, एक-दोन नाहीत. लाइनच्या अगदी जवळ होता पण सगळीकडे थोडा थोडा कमी. हा बायोकेमचा प्रॉब्लेमच नव्हता, हा प्रश्न सोडवायचा सराव कमी असल्याचा प्रॉब्लेम होता. विचारलं तर यूवर्ल्ड (सरावाच्या प्रश्नांची ऑनलाइन बँक) निम्मंच झालेलं, आणि तेसुद्धा ट्यूटर मोडमध्ये, एकेक प्रश्न चवीचवीने, टायमर लावून ४० प्रश्नांचा ब्लॉक असा जवळपास केलाच नव्हता. त्याला बायोकेमची व्हिडिओ सिरीज विकत घ्यायची होती. अशा वेळी नवीन सिरीज घेणं म्हणजे ताप कशाने आलाय ते न बघता अँटिबायोटिक बदलत बसणं.

तर रिपोर्ट बघून स्वतःला विचारायचं, लाइनच्या किती खाली, सगळीकडे खाली की काही ठिकाणीच, परीक्षेच्या दिवशी शेवटच्या ब्लॉकमध्ये वेळ पुरला का, आणि त्याआधीच्या एनबीएमईमध्ये (म्हणजे सरावाच्या मॉक टेस्टमध्ये) किती येत होते. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण नव्वद टक्के वेळा उत्तर येतं की एनबीएमईमध्येही काठावरच होतं, पण तारीख आली होती म्हणून देऊन टाकली. नव्वद टक्के हा माझा अंदाज, सर्व्हे नाही बे.

घरी सांगा. आईबाबांना यूएसएमएलईतलं काही कळत नसलं तरी पैसे त्यांचे लागलेत आणि पुढेही लागणार आहेत. "रिझल्ट अडकलाय" सांगून तीन महिने ढकलणारे पोट्टे पाहिलेत, ते त्या टेन्शनमध्येच दुसरी देतात आणि मग काय होतं ते सांगायला नको.

पुढचा अटेम्प्ट कधी

इथे मी जरा हट्टी आहे. स्टेप वनच्या एनबीएमई सेल्फ असेसमेंटमध्ये ६२ ते ६८ टक्के हा काठावरचा पट्टा धरला जातो, म्हणजे ६३-६४ आलेत तर परीक्षेत पास होण्याची शक्यता असते, पण शक्यता. ज्याची पाटी स्वच्छ आहे तो एखाद वेळी हा जुगार खेळेल. ज्याची एक फेल आहे त्याने वेगवेगळ्या किमान दोन, जमलं तर तीन फॉर्ममध्ये ७० च्या वर सलग आल्याशिवाय प्रोमेट्रिकच्या, म्हणजे परीक्षा सेंटरच्या, दारात पाय ठेवू नये. सलग म्हणजे एकदा ७२ आणि मग ६५ असं नाही. फॉर्म आधी सोडवलेला नसावा, टायमर लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत, दुपारी जेवून झोप येते त्या वेळेतही. फ्री १२० (फुकट मिळणारे सरावाचे १२० प्रश्न) पण तसाच.

परीक्षेला आपल्याकडचे बहुतेक जण हैदराबाद नाहीतर मुंबईला जातात. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी उतरून थेट सेंटर गाठायचं असलं काही करू नका, एक दिवस आधी पोचा, शक्यतो दोन. आठ तासांची परीक्षा आहे, सीके तर नऊ तासांची.

एलिजिबिलिटी पीरिअड, म्हणजे परीक्षा द्यायची मुदत, तीन महिन्यांचा असतो, तो पैसे भरून एकदा वाढवता येतो, तारीखही बदलता येते, जितकी लवकर बदलाल तितका खर्च कमी. एनबीएमई खाली आली तर हेच वापरायचं. लोकांना तारीख पुढे ढकलायची लाज वाटते, कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं ना. प्रोग्रामला तुम्ही तारीख किती वेळा बदलली ते दिसत नाही, फेल दिसते.

इंटर्नशिप चालू असताना दुसरा अटेम्प्ट द्यायचा का? सर्जरी आणि गायनीच्या पोस्टिंगमध्ये तर नाहीच. पीएसएमच्या रुरल पोस्टिंगमध्ये वेळ मिळतो असं सगळे म्हणतात, कोणाला मिळतो कोणाला नाही, पीएचसीवर आणि तिथल्या मॅडमवर अवलंबून. मेडिकल किंवा मेयोचे असाल तर पुढे वर्षभराचा सरकारी सेवेचा बॉण्ड आहे, तोही हिशोबात धरा. बॉण्ड करताना अभ्यास होतो का तर काही ठिकाणी मस्त होतो, पण तिकडचे प्रोग्राम पासआउट होऊन झालेली वर्षं मोजतात आणि फेलमुळे गेलेला वेळ त्यात मिळवला की पाच वर्षांचं फिल्टर बघता बघता जवळ येतं.

एक सूचना टेलिग्रामवाल्यांसाठी. फेल झाल्यावर कोणीतरी "रिकॉल्स" विकायला येतोच, म्हणजे परीक्षेत आलेले प्रश्न. जानेवारी २०२४ मध्ये यूएसएमएलईने नेपाळशी संबंधित शेकडो जणांचे स्कोअर याच कारणाने रद्द केले, त्यात काहींची रेसिडेन्सी तोंडावर आली होती. फेलमधून बाहेर पडता येतं, यातून निघणं त्याहून कितीतरी कठीण.

सीके आणि स्टेप थ्री

स्टेप वनला फेल झालेल्याने सीकेकडे पास होण्याची परीक्षा म्हणून बघूच नये. पासिंग २१४ होतं ते १ जुलै २०२५ पासून २१८ झालंय, पण तुमच्यासाठी २१८ आणि २२५ मध्ये फारसा फरक नाही, दोन्ही कमीच. वर सांगितलं तसं, पास झालात की पुन्हा देता येत नाही, म्हणजे २२३ आले की ते २२३ जन्मभर तुमचे. फेल असलेला आणि सीकेला जेमतेम पास झालेला अर्ज बघून प्रोग्रामवाल्याचा समज पक्का होतो की पहिली फेल अपघात नव्हती. म्हणून माझं सरळ मत असं की सेल्फ असेसमेंटमध्ये २४० च्या वर स्थिर येईपर्यंत सीके देऊ नका, त्यासाठी मॅचचं एक सायकल गेलं तरी चालेल. सप्टेंबरात अर्ज पाठवायचे आणि सीकेचा रिझल्ट ऑक्टोबरात येणार, अशी घाई तर फेलवाल्याने करूच नये, कारण स्कोअर नसलेला अर्ज फिल्टरमध्येच पडून राहतो. आणि रिझल्ट उशिरा आलाच तर ईरासमध्ये ट्रान्सक्रिप्ट पुन्हा पाठवला जातोय का ते स्वतः तपासा.

स्टेप थ्री मॅचच्या आधी द्यावी का, हा दुसरा कायमचा प्रश्न. ज्याची फेल आहे त्याला होय म्हणतो, पण तयारी असेल तरच. फायदा दोन गोष्टींचा. एक म्हणजे पहिल्या अटेम्प्टमध्ये पास झालेली स्टेप थ्री ही प्रोग्रामला हमीसारखी वाटते की हा रेसिडेन्सीत गेल्यावर परीक्षेत अडकणार नाही, आणि फेल बघून त्यांना तीच तर भीती असते, कारण पुढे त्यांच्या रेसिडेंटला बोर्डची परीक्षाही पास करायची असते. दुसरं, एच-वन-बी व्हिसाला स्टेप थ्री लागतेच, जे-वन या ट्रेनिंगच्या व्हिसाला लागत नाही. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, त्यामुळे त्या व्हिसावर फार भिस्त ठेवू नका, जे-वनचीच तयारी ठेवा आणि त्यासोबतचा दोन वर्षं मायदेशी परतायचा नियमही वाचून ठेवा.

स्टेप थ्री फक्त अमेरिकेतच देता येते. दोन दिवसांची परीक्षा, दुसऱ्या दिवशी १३ केसेस कॉम्प्युटरवर सोडवायच्या, औषधं-तपासण्या स्वतः टाइप करून ऑर्डर द्यायच्या, तो सॉफ्टवेअरचा सराव केला नाही तर हुशार माणूसही गडबडतो. तिकडे ऑब्झर्व्हरशिपला (तिथल्या डॉक्टरांसोबत राहून काम बघायला) जाणारच असाल तर त्याच फेरीत बसवा, तिकिटाचे पैसे वाचतात. पण तिसऱ्या स्टेपमध्ये फेल म्हणजे आधीची कमाईही गेली, तेव्हा बसवायची म्हणून बसवू नका.

अर्ज कुठे टाकायचे

डर्माटॉलॉजी, ऑर्थो, न्यूरोसर्जरी, रेडिओलॉजी विसरा. राग येईल पण विसरा. फॅमिली मेडिसिन, इंटरनल मेडिसिनचे कम्युनिटी हॉस्पिटलवाले प्रोग्राम, पेडिअ‍ॅट्रिक्स, थोडंफार पॅथॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्री, असा पट्टा आहे. सायकिअ‍ॅट्री आता पूर्वीसारखी सोपी राहिली नाही, अमेरिकन मुलंच तिकडे भरपूर वळलीत. फॅमिली मेडिसिनच्या २०२४ च्या मॅचमध्ये ६३६ जागा रिकाम्या राहिल्या आणि पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २५२. हे ऐकून लगेच खुश होऊ नका, रिकाम्या राहिलेल्या प्रोग्रामपैकी बरेच व्हिसा देत नाहीत किंवा फेल चालवून घेत नाहीत, म्हणूनच तर काही रिकामे राहतात. आपल्याकडे फॅमिली मेडिसिन म्हटलं की लोकांना धंतोलीतल्या गल्लीतला जनरल प्रॅक्टिशनर आठवतो आणि घरचे नाक मुरडतात, तिकडे तो तीन वर्षांचा पूर्ण रेसिडेन्सी प्रोग्राम आहे.

यादी करायची पद्धत अशी. एक्सेल उघडा, प्रत्येक प्रोग्रामसमोर रकाने करा, व्हिसा कोणता देतात, यूएसएमएलई फेल चालते का, पासआउट वर्षाची अट, अमेरिकेतला क्लिनिकल अनुभव किती महिन्यांचा मागतात, सध्याच्या रेसिडेंट्समध्ये आयएमजी किती. पहिल्या चार गोष्टी बहुतेक वेळा प्रोग्रामच्या वेबसाइटवर असतात, पाचव्यासाठी त्यांच्या रेसिडेंट्सच्या पानावर जाऊन कॉलेजांची नावं बघत बसायचं, कंटाळवाणं काम आहे पण यातच सगळं आहे. वेबसाइटवर "पहिल्या अटेम्प्टमध्ये पास आवश्यक" लिहिलं असेल तर तो प्रोग्राम लाल करा आणि पुढे चला, तिथे पैसे घालून नशीब आजमावू नका. काही लिहिलंच नसेल तर प्रोग्राम कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल करा, माझा स्टेप वनला एक फेल अटेम्प्ट आहे, सीके इतका आहे, माझा अर्ज विचारात घेतला जाईल का, एवढाच. आत्मचरित्र नको. काही उत्तर देत नाहीत, काही स्पष्ट नाही म्हणतात, आणि जे हो म्हणतात त्यांची नावं हिरवी करून ठेवा, सिग्नल्स (अर्जासोबत "तुमचा प्रोग्राम मला खास हवाय" असं कळवायची खूण) मोजके मिळतात ते याच हिरव्यांवर घालायचे, मोठ्या नावांवर नाही.

पैशाचा हिशोबही लावा. २०२५ च्या मॅचसाठी एका स्पेशालिटीत पहिल्या ३० प्रोग्रामला प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यानंतर प्रत्येकी ३० डॉलर होते, म्हणजे दीडशे प्रोग्रामला अर्ज टाकला तर ३,९३० डॉलर, साडेतीन लाखांच्या आसपास. फेलवाल्याला जास्त अर्ज टाकावे लागतात हे खरं, पण लाल केलेले शंभर टाकून काही होत नाही.

रेकमेंडेशन लेटर्स तीन-चार लागतात आणि त्यातली शक्यतो बहुतेक अमेरिकेतल्या डॉक्टरांची असावीत, ज्यांनी तुमचं काम पाहिलंय. आपल्या एचओडी सरांचं एक ठीक आहे, पण ते जर तुम्हीच टाइप करून सहीला नेलेलं असेल तर तिकडे वाचणाऱ्याला कळतं. प्रोग्रामच्याच हॉस्पिटलमध्ये रोटेशन मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण तुम्हाला बघितलेला माणूस फिल्टर बाजूला ठेवून तुमचा अर्ज उघडायला सांगू शकतो. फेल असलेले जे माझ्या ओळखीतले मॅच झाले त्यातले बरेच असेच झाले.

पर्सनल स्टेटमेंट आणि इंटरव्ह्यू

फेलबद्दल लिहायचं का? लिहायचं, छोटं. वर चहावाल्या ज्युनिअरचं सांगितलं, त्याच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अख्खा एक पॅरा होता, आजी आजारी होती, इंटर्नशिपमध्ये डेंग्यू झाला, होस्टेलचं नेट बंद होतं आणि उन्हाळा फार होता. नागपूरचा उन्हाळा खराच आहे, पण ४५ डिग्री टेम्परेचर न्यू जर्सीतल्या प्रोग्राम डायरेक्टरला कारण म्हणून वाटत नाही. शिवाय एकाऐवजी चार कारणं दिली की चारही खोटी वाटतात. मग आम्ही ते कापून तीन वाक्यांवर आणलं, त्याचा आशय असा : स्टेप वनच्या पहिल्या अटेम्प्टला मी फेल झालो, कारण वेळ लावून प्रश्न सोडवण्याचा सराव न करता मी परीक्षेला बसलो. दुसऱ्या वेळी मी रोज टायमर लावून दोन ब्लॉक केले आणि चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवली. हीच पद्धत मी सीकेला वापरली. संपलं, पुढच्या ओळीपासून पेशंट आणि मेडिसिन. सीकेचा आकडा चांगला होता म्हणूनच हे वाक्य चाललं, आकडा नसता तर कितीही छान लिहिलं तरी पोकळ वाटलं असतं.

खरंच मोठं आजारपण किंवा घरात मृत्यू झाला असेल तर तो एका वाक्यात सांगा, दया मागितल्यासारखं नाही.

इंटरव्ह्यूला हा प्रश्न येणार हे धरूनच चाला. आरशासमोर नाही, एखाद्या मित्राला समोर बसवून इंग्रजीत उत्तर द्या, ४० सेकंदांत. आपल्या पोरांचा आवाज इथे खाली जातो आणि मग ते आपणहून जास्त बोलायला लागतात. उत्तर झालं की थांबा, पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. एमबीबीएसला एखाद्या प्रोफमध्ये (विद्यापीठाच्या परीक्षेत) नापास झाला असाल तर तेही कागदपत्रांत असतं, तेव्हा दोन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळलं पाहिजे.

मॅच नाही झाला तर

मार्चमध्ये मॅच वीकच्या सोमवारी कळतं. नाही झालं तर त्याच आठवड्यात सोप असतं, त्यात रिकाम्या जागांसाठी जास्तीत जास्त ४५ प्रोग्रामला अर्ज टाकता येतो. तिथे आपण फोन-मेल करायचे नसतात, त्यांनी संपर्क केला तरच बोलायचं, ओळखीच्या काकांकडून फोन लावला तर नियमभंग होतो. सोपसाठी कागदपत्रं, खासकरून फॅमिली मेडिसिनचं वेगळं पर्सनल स्टेटमेंट, फेब्रुवारीतच तयार ठेवा, कारण त्या आठवड्यात आपल्या वेळेनुसार सगळं संध्याकाळी नि रात्री चालतं आणि तेव्हा लिहायला सुचत नाही.

सोपमध्येही नाही झालं तर लगेच तोच अर्ज पुढच्या सप्टेंबरात पाठवू नका, काहीतरी बदललं पाहिजे, स्टेप थ्री, तिकडची रोटेशन्स, रिसर्चची जागा, यातलं किमान एक. मधल्या काळात प्रॅक्टिस बंद ठेवू नका, मेडिकल ऑफिसर, कॅज्युअल्टी, काहीही, अर्जात रिकामे महिने दिसले की फेलपेक्षाही जास्त प्रश्न येतात. आणि नीट पीजीचा फॉर्म भरत राहा, तिथे तुमची यूएसएमएलईची फेल कोणी विचारत नाही, सीकेसाठी वाचलेली मेडिसिन-सर्जरी तिकडेही कामी येते. फक्त दोन्ही परीक्षा एकाच महिन्यात येणार नाहीत असं बघा, तारखा जाहीर झाल्या की आधी नीटची बघायची आणि मग प्रोमेट्रिकची काढायची, कारण प्रोमेट्रिकची तारीख आपल्या हातात आहे.